'द घोस्टवे' आणि नवाहो पोलिसांच्या रहस्यकथा : गुन्हा कोणाचा, हद्द कोणाची?

कातळशिल्प (धागाकर्ता)

अमेरिकी लेखक टोनी हिलरमनची 'द घोस्टवे' (१९८४) पुन्हा वाचली. नवाहो (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) पोलिसांच्या या मालिकेवर इथे धागा सापडला नाही, म्हणून काढतोय. खुनी कोण आणि का, यातलं काहीही फोडणार नाही. सुरुवातीच्या प्रकरणांतलं मात्र सांगावं लागेल, त्याशिवाय मुद्दाच मांडता येत नाही. ज्यांना तेवढंही नको त्यांनी इथूनच मागे फिरावं.

घटना न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉक गावातली. कपडे धुण्याच्या दुकानासमोर दोन परगावचे लोक एकमेकांवर गोळ्या झाडतात. साक्षीदार एक म्हातारा. एक जण तिथेच संपतो, दुसरा जखमी अवस्थेत गाडी हाकत डोंगराकडे निघून जातो. त्याचं नाव आल्बर्ट गोर्मन. जातीचा नवाहो, पण लॉस एंजेलिसचा. एफबीआयला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याला, तो हवाय. का हवाय, ते नवाहो पोलिसांना सांगायची त्यांना गरज वाटत नाही. जिम ची हा तरुण नवाहो पोलीस जवळजवळ वाटाड्या म्हणूनच त्यांच्यासोबत जातो.

माग निघतो तो अ‍ॅशी बेगे नावाच्या म्हाताऱ्याच्या होगनपर्यंत. होगन म्हणजे नवाहोंचं जुन्या पद्धतीचं घर, लाकूड-मातीचं, दार पूर्वेला. घरात कोणी नाही. उत्तरेच्या भिंतीला भगदाड पाडलंय, धूर जायची वाट बंद केलीय. याचा अर्थ तिथल्या कुणालाही कळेल : आत माणूस मेला. मग देह उत्तरेकडून काढायचा आणि घर कायमचं सोडायचं, कारण मेलेल्याच्या आत जे वाकडं, बेसूर होतं ते तिथेच राहतं. त्याला 'चिंडी' म्हणतात. जवळच गोर्मनचा देह सापडतो. रीतीप्रमाणे ठेवलेला, पायातले जोडे उलटसुलट घातलेले, म्हणजे मेलेल्याला माघारी चालत येता येऊ नये. एफबीआयच्या दृष्टीने विषय संपला. पाहुणा मेला, म्हाताऱ्याने त्याला पुरलं आणि चंबूगबाळं आवरून तो निघून गेला.

जिम मात्र दोन गोष्टींपाशी अडतो. माणूस आता जाणार हे दिसत असताना बेगेसारख्या जुन्या वळणाच्या माणसाने त्याला बाहेर का नाही आणलं? उघड्यावर मरण आलं असतं तर घर वाचलं असतं. आणि मेलेल्याचे केस धुतलेले नाहीत. युक्काच्या मुळीचा फेस करून, आपल्याकडे रिठ्याचा करतात तसा, त्याने केस धुवायचे असतात. बाकी सगळं ज्याने बिनचूक केलं तो हे कसं विसरला?

कादंबरीचा सगळा भार या दोन प्रश्नांवर आहे. ठसे, रक्तगट, प्रयोगशाळा यांचा उपयोग नाही. पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेला आहे, फक्त तो पुरावा आहे हे ओळखायला तिथल्या माणसाच्या पोटी जन्म घ्यावा लागतो. आणि ज्याला तो वाचता येतो त्याच्या हाती तपास नाही! माझ्या मते हिलरमनच्या रहस्यकथांमधला खरा ताण हा आहे. खुनी कोण हा प्रश्न त्याच्यानंतर येतो.

तुम्हाला काय वाटतं? कोणी कोणी वाचलंय?

रानजाई

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

जिम त्या होगनमध्ये नंतर एकटा शिरतो ते प्रकरण मला सगळ्यात आवडलं. विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकलेला, पगारी पोलीस, आणि त्या भगदाडासमोर पाय उचलत नाही त्याचा. शेवटी जातो आत, काम आहे म्हणून. पण आत गेल्यावर आपल्याला काहीतरी चिकटलं ही भावना पुढे पुस्तकभर त्याच्या मागे असते. लेखक कुठेही सांगत नाही की भूत आहे, कुठेही सांगत नाही की नाही. मला हे फार आवडलं, नाहीतर असल्या पुस्तकात एक तर सगळं चमत्कारावर ढकलतात किंवा शेवटी 'बघा, अंधश्रद्धा!' म्हणून टाळी मागतात.

एक बाळबोध प्रश्न. पोलीस नवाहो, जमीन नवाहोंची, मेलेला नवाहो. मग एफबीआय मध्ये येतंच कसं? लेखक हे गृहीत धरून चालतो आणि मला दर वेळी अडखळायला होतं.

दिवाणीफौजदारी

@रानजाई, बाळबोध अजिबात नाही, अमेरिकेतले वकीलही यावर डोकं धरतात.

गोष्ट १८८१ पासून सुरू करू. डाकोटा प्रदेशात क्रो डॉग नावाच्या लाकोटा जमातीच्या माणसाने स्पॉटेड टेल या पुढाऱ्याला गोळी घातली. दोन्ही घराण्यांनी आपल्या रीतीप्रमाणे भरपाई ठरवली : ६०० डॉलर, आठ घोडे, एक घोंगडी. जमातीच्या लेखी प्रकरण मिटलं. सरकारने तरीही खटला भरून फाशी सुनावली. १८८३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जमातीच्या आतल्या गुन्ह्यावर तुमचा अधिकार चालत नाही, सोडा त्याला. वॉशिंग्टनमध्ये आरडाओरडा झाला आणि १८८५ मध्ये संसदेने कायदाच केला, 'मेजर क्राइम्स अ‍ॅक्ट'. खून, बलात्कार, जाळपोळ असे मोठे गुन्हे एका इंडियनने (म्हणजे तिथल्या मूळनिवासीने) जमातीच्या राखीव प्रदेशात केले की ते केंद्राकडे. तिथून एफबीआय.

जमातीचं न्यायालय आहे, पण त्याचे हात बांधलेले. १९६८ च्या कायद्याने त्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद देता येत होती. 'द घोस्टवे' आली तेव्हा हीच मर्यादा होती. १९८६ मध्ये ती एक वर्षाची झाली, २०१० मध्ये काही अटींवर तीन वर्षांची. खुनाला सहा महिने देणार का? म्हणजे कागदोपत्री अधिकार असला तरी व्यवहारात केंद्राकडे बघत बसायचं.

आणखी एक खुंटी १९७८ ची, ऑलिफंट खटला. आरोपी इंडियन नसेल तर जमातीचं न्यायालय त्याच्यावर फौजदारी खटलाच चालवू शकत नाही. गोऱ्याने तिथे येऊन नवाहो बाईला मारहाण केली, नवाहो पोलिसाने पकडलं, पुढे काय? दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात द्यायचं, आणि त्यांनी खटला भरला तर भरला. २०१३ मध्ये घरगुती हिंसाचारापुरता यात थोडा बदल झाला, २०२२ मध्ये आणखी काही गुन्हे जोडले.

गंमत म्हणजे आरोपी आणि बळी दोघंही बिगर-इंडियन असतील तर प्रकरण राज्य पोलिसांकडे. थोडक्यात, प्रेत सापडलं की पहिला प्रश्न 'कोणी मारलं' हा नाही. मेलेला कोण, मारणारा कोण असावा, आणि ही जमीन नक्की कोणाची? न्यू मेक्सिकोच्या बाजूला तर राखीव प्रदेशाच्या कडेला बुद्धिबळाचा पटच आहे, एक तुकडा जमातीचा, शेजारचा खाजगी, त्यापुढचा केंद्राचा. त्याला तिथे चेकरबोर्डच म्हणतात.

कातळशिल्प

@दिवाणीफौजदारी, दंडवत. माझ्या पोस्टपेक्षा हा प्रतिसाद जास्त कामाचा आहे.

आता लक्षात येतं की जिम आणि जो लीपहॉर्न (मालिकेतला दुसरा नवाहो पोलीस) दोघंही 'मी सहज आलो होतो' या बहाण्याने का तपास करतात. त्यांना खुनाचा तपास करायचाच नसतो, अधिकृतरीत्या. कोणीतरी मुलगी शाळेतून पळालीय, कोणाचं तरी काही चोरीला गेलंय, अशा फुटकळ कामाच्या आडून ते खुनाच्या जवळ जातात. 'घोस्टवे'त बेगेची नात सांता फेच्या निवासी शाळेतून पळते आणि तिला शोधणं हे जिमचं काम असतं. त्या निमित्ताने तो थेट लॉस एंजेलिसला जाऊन पोचतो.

तिरकस

सगळं ठीक आहे, पण एक गोरा माणूस नवाहोंच्या अंत्यविधीचा गुन्ह्यातला धागा म्हणून वापर करतो आणि आपण टाळ्या वाजवतो, हे कोणालाच खटकत नाही का? मेलेल्याचं नावही न घेणारा समाज. त्यांच्या घरातल्या मरणाची पद्धत विमानतळावरच्या पुस्तकाच्या दुकानात विकायला ठेवली. पैसे कोणी कमावले?

आणि ते 'तिथल्या माणसाच्या पोटी जन्म घ्यावा लागतो' वगैरे. लेखकाने कुठे घेतला होता?

सान्तान

@तिरकस, प्रश्न रास्त आहे, पण लेखकाची थोडी पार्श्वभूमी माहीत असू द्या.

हिलरमन १९२५ साली ओक्लाहोमातल्या एका खेड्यात जन्मला, शेतकरी घरात. प्राथमिक शिक्षण पोटावाटोमी जमातीच्या मुलींसाठी असलेल्या निवासी शाळेत, कारण जवळपास दुसरी बरी शाळा नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जबर जखमी होऊन परत आला. १९४५ मध्ये ट्रक चालवण्याच्या कामावर असताना क्राउनपॉइंटच्या बाजूला त्याला घोड्यावरून जाणारे नवाहो दिसले. पॅसिफिकमधून परतलेल्या दोन सैनिकांसाठी 'एनिमी वे' विधी होता. युद्धाने माणसात जे शिरतं ते काढून त्याला परत आपल्यात घ्यायचा हा विधी. हिलरमन स्वतः त्याच युद्धातून आलेला आणि त्याच्यासाठी असलं काही नव्हतं. पंचवीस वर्षांनी पहिली कादंबरी आली, 'द ब्लेसिंग वे' (१९७०), तिच्यात तोच विधी आहे. तिच्या हस्तलिखितावर त्याच्या एजंटने सल्ला दिला होता की ते इंडियन प्रकरण काढून टाका.

१९८७ मध्ये नवाहो नेशननेच, म्हणजे जमातीच्या सरकारनेच, त्याला 'डिनेंचा खास मित्र' म्हणून सन्मान दिला. डिने म्हणजे नवाहोंचं स्वतःसाठीचं नाव.

तिरकस

सन्मान सरकारं देतात हो. ओक्लाहोमातलं बालपण हृद्य आहे, पण त्याने माझा प्रश्न जात नाही.

उंटावरचाशहाणा

फिनिक्समध्ये बरीच वर्षं आहे, कामामुळे त्या भागात जाणं होतं, म्हणून दोन पैसे.

आधी आकार डोळ्यांसमोर आणा. नवाहो नेशन म्हणजे सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, युटा अशा तीन राज्यांत पसरलेलं. मराठवाड्याहून थोडं मोठं. लोकवस्ती दीड-पावणेदोन लाख आणि पोलीस दोनशेच्या आगेमागे, तेही पाळ्यांमध्ये वाटलेले. पुस्तकात जिम एका साध्या चौकशीसाठी दोन तास गाडी चालवतो तेव्हा लेखक पानं भरतोय असं वाटतं, पण ते तसंच आहे. मुख्य रस्ता सोडला की कच्ची वाट, तिच्यावर आडव्या लाटा उठलेल्या, सावकाश गेलात तर दात वाजतात आणि वेगात गेलात तर गाडी सरकते. पाऊस झाला की तीच माती चाकांना असा गोळा बांधते की उतरून काठीने खरवडत बसा.

घड्याळाचा घोळ वेगळाच. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन करतं. त्याच्या पोटात होपी जमातीचा प्रदेश आहे, ते करत नाहीत. ट्यूबा सिटीला भेटायची वेळ ठरवताना 'कोणाचे दहा?' हे विचारावं लागतं.

आता जे पुस्तकात वाचलं होतं आणि प्रत्यक्ष बघितलं ते सांगतो. कोणाच्या घरी गेलात तर गाडीतून उतरून दार ठोठवायचं नाही. अंगणाबाहेर गाडी उभी करायची आणि बसून राहायचं. कुत्री येऊन भुंकून जातात. घरातल्यांना तुम्ही आलेले कळलेलं असतं, पण त्यांना आवरायला, भेटायचं की नाही हे ठरवायला वेळ द्यायचा. मनात आलं की कोणीतरी दारात येऊन उभं राहतं, मग उतरायचं. माझ्यासोबतच्या सहकाऱ्याने मला उतरू दिलं नव्हतं, हात धरून बसवलं. लीपहॉर्न पुस्तकांत हेच करतो. शहरातून आलेला तपास अधिकारी बरोबर असला तर त्याची चुळबुळ चालू होते आणि लीपहॉर्न ढिम्म. बोलतानाही तसंच. समोरच्याचं वाक्य संपल्यावर लगेच तोंड उघडायचं नाही, त्याला अजून काही सांगायचं असेल. आपल्यासारख्या एकमेकांची वाक्यं तोडणाऱ्यांची पंचाईत होते.

@तिरकस, आक्षेपाला माझ्याकडे सरसकट उत्तर नाही. तिथे ही पुस्तकं प्रेमाने वाचणारे लोक आहेत, शाळांतूनही वाचली गेली. न आवडणारेही आहेत, विशेषतः 'स्किनवॉकर्स' (प्राण्याचं रूप घेणारे चेटके) यासारखं नाव मुखपृष्ठावर छापणं. तो विषय तिथे रात्री तर सोडाच, दिवसाही कोणी काढत नाही. मी एकदा जेवताना काढला, टेबलावरचे सगळे एकदम मीठ-मिरी शोधायला लागले.

रानजाई

मीठ-मिरी :D

लॉस एंजेलिसचा भाग मला तुटक वाटला होता, पण आता वाटतं तोच महत्त्वाचा असावा. तिथे इतके नवाहो कसे?

सान्तान

सरकारने नेले. १९५० च्या दशकात इंडियन लोकांना राखीव प्रदेशातून शहरात हलवायची योजना होती, १९५६ मध्ये त्याचा कायदाही झाला. बसचं तिकीट, काही दिवसांचा खर्च, नोकरी लावून द्यायचं आश्वासन. लॉस एंजेलिस, शिकागो, डेन्व्हर. गोर्मनसारखी पिढी त्यातून आली : नाव नवाहो, चेहरा नवाहो, पण कोणत्या कुळातले हे विचारलं तर उत्तर देता येत नाही. आणि नवाहो माणूस स्वतःची ओळख करून देतो तीच कुळाने, आधी आईचं कूळ, मग वडिलांचं. जिम त्या शहरात पत्ते शोधत फिरतो तेव्हा तो खरं तर एका संपत आलेल्या कुळाचे शेवटचे धागे शोधतोय.

याच्या मागे आणखी एक स्थलांतर आहे, ते पुस्तकात फारसं येत नाही पण प्रत्येक नवाहो घरात आहे. १८६४ ची लाँग वॉक. किट कार्सनच्या अमेरिकी फौजेने शेतं जाळली, पीचची झाडं तोडली, मेंढ्या मारल्या आणि आठ हजारांहून जास्त लोकांना चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. चार वर्षं तिथे खारट पाणी, उपासमार, रोगराई. १८६८ च्या तहानंतर ते आपल्या डोंगरांकडे परतले. आपल्याच जमिनीवर परत जायला मिळालेल्या थोड्या जमातींपैकी ही एक. म्हणून जिमला मेरी लँडन, त्याची गोरी शिक्षिका मैत्रीण, 'एफबीआयची नोकरी घे, आपण बाहेर जाऊ' म्हणते तेव्हा तो निर्णय घेऊ शकत नाही. प्रेमकथा म्हणून ते प्रकरण कंटाळवाणं आहे, मान्य. मेरी मुळात नीट लिहिलेलीच नाही. बायका लिहिणं हिलरमनला उशिरा जमलं.

रानजाई

जमलं का पण? लीपहॉर्नची बायको एमा तरी कुठे दिसते? सगळं तिच्या आजारपणातून आणि त्याच्या आठवणीतून.

सान्तान

हे खरं. बर्नाडेट मॅन्युलिटो ही नवाहो पोलीस शेवटच्या पुस्तकांत येते आणि तिचं सोनं केलं ते त्याच्या मुलीने. २००८ मध्ये हिलरमन गेला, अ‍ॅन हिलरमनने २०१३ पासून मालिका पुढे चालवली आणि पहिल्याच पुस्तकात बर्नाडेटला मध्यभागी आणलं.

पडदानशीन

पुस्तकं वाचलेली नाहीत, त्यांवरची टीव्ही मालिका 'डार्क विंड्स' बघितली (२०२२ पासून आहे). झान मॅक्लार्ननचा लीपहॉर्न जबरदस्त. काळ १९७० च्या दशकाचा ठेवलाय. लेखकांच्या खोलीत मूळनिवासी लोक आहेत, त्यामुळे @तिरकस यांचा आक्षेप तिथे थोडा सौम्य व्हावा.

उंटावरचाशहाणा

थोडाच. मॅक्लार्नन लाकोटा आहे, नवाहो नाही, आणि पहिल्या सीझनमधल्या नवाहो उच्चारांवर तिथल्या लोकांनी चांगलंच झोडपलं होतं. पण मालिकेतला लीपहॉर्न पुस्तकातल्यापेक्षा जास्त तापट आहे, आणि मला तो आवडतो. पुस्तकातला भिंतीवरच्या नकाशात रंगीत टाचण्या टोचत बसतो. योगायोगावर त्याचा विश्वास नाही, जादूटोण्याचा तर तिटकारा. जिम त्याच्या उलटा, त्याला पोलीस राहून हाताली, म्हणजे विधी गाणारा वैद्य, व्हायचंय. मामाकडून गाणी शिकतोय. दिवसांचे दिवस चालणारे विधी, एक शब्द चुकून चालत नाही. आता सांगा, ड्यूटी सांभाळून ते कसं पाठ करणार?

तिरकस

एवढं सगळं वाचून माझं म्हणणं एका वाक्यात : त्या समाजातल्या कोणी लिहिलेलं सुचवा, ते आधी वाचतो.

सान्तान

रमोना इमर्सन, 'शटर', २०२२. लेखिका डिने आहे. नायिका अल्बुकर्की पोलिसांत गुन्ह्याच्या जागेचे फोटो काढते आणि तिला मेलेले लोक दिसतात. म्हणजे नवाहो घरात ज्या गोष्टीपासून दूर राहायला शिकवतात तीच तिची नोकरी. आजी तिला थांबवायला बघते. हिलरमनसारखा निवांतपणा नाही, बराच रक्तपात आहे, पोट घट्ट असेल तरच घ्या.

दिवाणीफौजदारी

माझ्यासारख्याने हिलरमन कुठून सुरू करावा? सगळी अठरा नाही वाचणार.

कातळशिल्प

क्रमाचा हट्ट नको, पण थोडं पथ्य आहे. पहिल्या तीनांत फक्त लीपहॉर्न. त्यातली 'डान्स हॉल ऑफ द डेड' (१९७३) घ्या, तिला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला होता. तिथे झुनी (शेजारची जमात) आणि नवाहो असा दुहेरी पेच आहे, तुम्हाला हद्दीचा मसाला भरपूर मिळेल. जिम १९८० च्या 'पीपल ऑफ डार्कनेस'मध्ये येतो. दोघं एकत्र पहिल्यांदा 'स्किनवॉकर्स'मध्ये (१९८६), आणि एकमेकांना फारसे सहन होत नाहीत, ती मजा आहे. 'अ थीफ ऑफ टाइम' (१९८८) बहुतेकांच्या मते सर्वांत चांगलं, प्राचीन वस्तीतली मडकी खणून विकणाऱ्या चोरांवर. पण ते 'स्किनवॉकर्स'च्या आधी वाचू नका, लीपहॉर्नच्या घरचं आधीच कळून बसेल.

शेवटची दोन-तीन सोडली तरी चालतील. हात थकला होता त्याचा.

तिरकस

'शटर' मागवलं. तुमचं 'घोस्टवे' ग्रंथालयात मिळालं तर घेईन, विकत नाही. वाचून झालं की इथेच येऊन भांडतो.

कातळशिल्प

या या. केस धुण्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र इथे लिहू नका, सगळ्यांनीच ते वाचलेलं नाही.